तंजावरचे सरफोजी राजे : राज्य नसलेल्या राजाच्या चित्रशाळा

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांच्या काळातील चित्रे पाहणाऱ्याला ती एकाच गावात तयार झाली असतील, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. एका फळीवर सोन्याच्या पत्र्याने मढविलेला, लोण्याचा गोळा हातात घेतलेला बाळकृष्ण आहे. एका कागदावर रोगाने बिघडलेला डोळा आहे आणि त्यातील बारीक रेघ न् रेघ मोजून काढलेली आहे. आणखी एका चित्रात काशीचा घाट, त्यावरील पायऱ्या आणि मंदिरे आहेत. हात निरनिराळे, पद्धती निरनिराळ्या. मात्र या सर्वांमागचा आश्रयदाता एकच होता.

हा आश्रयदाता नावाने राजा होता. सत्ता मात्र त्याच्या हाती जवळजवळ नव्हती. १७९८ ते १८३२ या ३४ वर्षांत त्याने आपली दौलत ग्रंथ, वैद्यक, संगीत आणि चित्रे यांवर खर्च केली. सरफोजींचे ग्रंथप्रेम सर्वश्रुत आहे. त्यांच्या पदरच्या आणि त्यांच्या काळात बहरलेल्या चित्रशाळांची तुलना मात्र क्वचितच होते. कोणत्या चित्रशाळेचे बळ कशात होते, कीर्ती कोणाला मिळाली आणि राजा गेल्यावर टिकले कोण, हे पाहिले म्हणजे राजाचे मोठेपण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

दत्तक पुत्राचा वनवास

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. याच घराण्यातील तुळजाजी राजे यांना वारस नव्हता. त्यांनी १७८७ च्या आरंभी भोसले कुळातीलच एका मुलाला दत्तक घेतले. २४ सप्टेंबर १७७७ रोजी जन्मलेला तो मुलगा म्हणजे सरफोजी. दत्तकविधीनंतर थोड्याच दिवसांत तुळजाजींचे निधन झाले. त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी प्रथम कारभार आणि नंतर गादीही आपल्या हाती घेतली. ईस्ट इंडिया कंपनीनेही त्या वेळी अमरसिंहांचाच पक्ष उचलून धरला.

दहा वर्षांचा दत्तक राजपुत्र वाड्यातच एक प्रकारे नजरकैदेत पडला. त्याच्या शिक्षणाची आबाळ होऊ लागली. तुळजाजींनी मृत्यूपूर्वी ज्यांच्यावर मुलाची जबाबदारी टाकली होती, ते ख्रिस्ती धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे तक्रार केली. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास झाला. इंग्रजी भाषा आणि युरोपीय शास्त्रे यांची ओळख त्यांना याच काळात झाली. गुरूचा धर्म मात्र त्यांनी स्वीकारला नाही आणि आपला कुलाचारही सोडला नाही.

दरम्यान, दत्तकविधानाच्या प्रश्नाचा फेरविचार झाला आणि कंपनीने सरफोजींचा हक्क मान्य केला. जून १७९८ मध्ये ते गादीवर आले. अमरसिंहांना तिरुविडैमरुदूर येथे राहण्यास जावे लागले. ज्यांनी हा दिवस यावा म्हणून खटपट केली ते श्वार्ट्झ तो पाहण्यास उरले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते.

राज्य गेले, तनखा उरला

मिळालेले राज्य फार काळ हातात राहिले नाही. ऑक्टोबर १७९९ मध्ये झालेल्या तहाने मुलकी आणि लष्करी सत्ता कंपनीकडे गेली. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि लगतचा परिसर एवढेच राहिले. त्या बदल्यात दरसाल एक लाख पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा देण्याचे ठरले. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचा हा महसूल थोडाथोडका नव्हता. त्यामुळे फौज नाही, न्यायनिवाडा नाही, वसुलीची काळजी नाही, परंतु खर्चायला पैसा आहे, अशी विलक्षण स्थिती वयाच्या २२ व्या वर्षी सरफोजींच्या वाट्याला आली.

अशा स्थितीत अनेक संस्थानिक ऐषआरामात बुडाले. सरफोजींनी तो पैसा ज्ञान आणि कलेकडे वळविला. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. १८०५ मध्ये नवविद्याकलानिधी हा छापखाना काढला आणि पुढल्याच वर्षी इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले. पुण्यात पेशवाई नांदत असताना मराठी पुस्तके तंजावरला छापली जात होती, हे महाराष्ट्रातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वतः सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले. त्यात जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितलेला आहे.

मराठी राज्यव्यवहारात ‘कारखाना’ म्हणजे एखाद्या कामासाठी माणसे, साहित्य आणि हिशेब यांची लावलेली व्यवस्था. शिवकाळातील अठरा कारखान्यांची परंपरा सर्वांना ठाऊक आहे. सरफोजींच्या वाट्याला दारूगोळ्याचे कारखाने आले नाहीत. त्यांच्याकडे आले ते कलम, कुंचला आणि सोन्याचा वर्ख यांचे कारखाने.

सोन्याची फळी

यांपैकी सर्वाधिक नावाजलेली शाळा फलकचित्रांची. ही चित्रे काढणारी राजू घराणी मूळची तेलुगू भाषक. विजयनगर आणि नायक राजवटींपासून चालत आलेली कला त्यांनी मराठी राजांच्या काळात पुढे नेली. त्यांची पद्धत ठरलेली होती. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप द्यायचा, मग रेखाटन करायचे. दागिने, प्रभावळ, कमानी आणि मखर यांच्या जागी लेपाचे थर चढवून उठाव आणायचा, त्यात काचा व खडे बसवायचे आणि वरून सोन्याचा पत्रा लावायचा. रंग शेवटी भरायचे.

या शाळेचे बळ भव्यतेत आहे. देव्हाऱ्यातील मंद समईच्या उजेडात सोने चमकते आणि मूर्ती भक्ताच्या समोर उभी राहते. गोबऱ्या गालांचा बाळकृष्ण आणि श्रीरामाचा पट्टाभिषेक हे तिचे आवडते विषय. तिचे उणेही येथेच आहे. चेहरे एकसारखे असतात, शरीरे स्थिर असतात आणि हालचाल जवळजवळ नसते. हे चित्र पाहण्यासाठी कमी आणि पूजेसाठी अधिक असते.

तिची खरी तुलना म्हैसूरच्या चित्रशाळेशी करावी लागते. तेथेही १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कंपनीने वडियार घराण्याची पुनःस्थापना केली होती आणि तिसऱ्या कृष्णराजांनी चितारींना आश्रय दिला होता. दोन्हीकडे सोने आहे, लेप आहे, देवदेवता आहेत. परंतु म्हैसूरचा उठाव पातळ, रेघ नाजूक आणि सोने संयमाने वापरलेले. तंजावरचा उठाव जाड आणि सोने सढळ. बारकाव्यासाठी म्हैसूर आणि झळाळीसाठी तंजावर, असा लौकिक रसिकांत आजही आहे.

तंजावरातच काचेवर चित्रे काढणारे दुसरे कारागीर होते. काचेच्या मागील बाजूने रंगवायचे असल्यामुळे त्यांचा क्रम उलटा असे. डोळ्यातील बाहुली, दागिन्यावरील मोती आधी आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एकदा लावलेला रंग वरून दुरुस्त करता येत नसे. ही चित्रे स्वस्त होती, नाजूक होती आणि त्यांची प्रतिष्ठा फळीवरील चित्रांइतकी कधीच झाली नाही. हातातील कसब मात्र कमी प्रतीचे नव्हते.

साहेबांसाठी आणि शास्त्रासाठी

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तंजावरच्या चितारींना नवे गिऱ्हाईक मिळाले होते. कंपनीच्या अधिकाऱ्यांना या देशाची आठवण सोबत न्यावयाची असे. त्यांच्यासाठी निरनिराळ्या जातींची व व्यवसायांची जोडपी काढलेले चित्रसंच तयार होऊ लागले. सोनार आणि त्याची पत्नी, कुंभार आणि त्याची पत्नी, प्रत्येकाच्या हाती आपापली हत्यारे. या शाळेचे बळ पोशाख, अवजारे आणि उभे राहण्याची ढब टिपण्यात होते. आज हे संच लंडनच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. तथापि, मागणी वाढली तशी एकच जोडी नमुन्यावरून पुनःपुन्हा उतरविली जाऊ लागली आणि माणसाऐवजी नमुनाच उरला.

सरफोजींनी हेच युरोपीय वळणाचे रेखाटन वेगळ्या कामाला लावले. त्यांच्या दरबारी चितारींनी पक्षी, प्राणी आणि वनस्पती समोर ठेवून चित्रे काढली. अशा चित्रांचा एक संग्रह त्यांनी तंजावरचे माजी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना इंग्लंडला पाठविला. तो पुढे कंपनीच्या ग्रंथालयात गेला. हत्ती आणि घोडे यांच्यावरील शास्त्रग्रंथांच्या सचित्र प्रती तयार झाल्या. राजांना स्वतःला वैद्यकात, विशेषतः नेत्रोपचारात रस होता. धन्वंतरी महाल या त्यांच्या आरोग्यशाळेशी संबंधित कागदपत्रांत नेत्ररुग्णांच्या नोंदींसोबत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. येथे चितारीला सौंदर्य दाखवायचे नव्हते; जे दिसते तेवढेच आणि तसेच दाखवायचे होते. देवाच्या चित्रात डोळा नियमाप्रमाणे विशाल काढणाऱ्या परंपरेत रुग्णाचा डोळा जसा आहे तसा काढण्याची ही शिस्त सर्वस्वी नवी होती.

या कामाला पूरक अशी युरोपीय छापील चित्रेही राजांनी गोळा केली. फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्राँ यांच्या रेखाटनांवरून केलेली, माणसांचे चेहरे आणि पशुपक्ष्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून तुलना करणारी चित्रे सरस्वती महालाच्या संग्रहालयात आजही पाहणाऱ्यांचे लक्ष वेधून घेतात.

१८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी सुमारे ३,००० माणसांच्या लवाजम्यासह काशीयात्रा केली. वाटेत आणि काशीत त्यांनी हस्तलिखिते मिळविली. काशीच्या घाटांची चित्रमालाही या यात्रेतून तंजावरला आली. यात्रेचे पुण्य आणि स्थळाची नोंद ही दोन्ही कामे त्या चित्रांनी एकदम केली.

लंडनच्या दोन शिल्पशाळा

चित्रशाळेची पारख करण्याची राजांची दृष्टी केवळ देशी कारागिरांपुरती नव्हती. श्वार्ट्झ यांचे स्मारक उभारायचे ठरले, तेव्हा त्यांनी हे काम लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांना दिले. फ्लॅक्समन यांची ख्याती स्वच्छ रेषेसाठी होती. वेजवुड यांच्या चिनी मातीच्या भांड्यांवरील आकृती आणि होमरच्या काव्यांवरील रेखाचित्रे यांमुळे ते युरोपभर ओळखले जात. याच धर्मोपदेशकाचे दुसरे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या सेंट मेरी चर्चसाठी करविले आणि ते धाकटे जॉन बेकन यांच्याकडे सोपविले. बेकन यांची शिल्पशाळा वडिलांकडून आलेली, मोठी आणि स्मारकांच्या कामात मुरलेली होती.

एकाच माणसाची ही दोन स्मारके एकाच सुमारास दोन निरनिराळ्या शाळांतून बाहेर पडली. तंजावरच्या चर्चमधील फ्लॅक्समन यांच्या शिल्पात मृत्युशय्येवरील गुरूपाशी आलेले सरफोजी स्वतः आहेत. स्मारक गुरूचे असले तरी शिष्याचे ऋण त्यात कोरले गेले आहे. राजवाड्याच्या दरबार सभागृहात उभा असलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळाही फ्लॅक्समन यांचाच.

शाळा ओळखण्याची खूण

आज जपानी ॲनिमेशनपटांचे चाहते एखादे दृश्य पाहून ते कोणत्या स्टुडिओचे आहे ते सांगतात. स्टुडिओ घिबली हाताने रंगविलेल्या निसर्गासाठी नावाजला आहे, तर क्योतो ॲनिमेशन हा स्टुडिओ चेहऱ्यावरील आणि हातापायांच्या हालचालींतील सूक्ष्म भावांसाठी. क्योतोच्या त्या स्टुडिओने चित्रागणिक मोबदल्याऐवजी पगारी चित्रकार ठेवण्याची पद्धत स्वीकारली, याचाही त्याच्या कामाशी संबंध जोडला जातो. चित्रशाळेची गुणवत्ता हातावर जितकी, तितकीच पैसे कोण आणि कसे देतो यावरही अवलंबून असते. दोनशे वर्षांपूर्वीच्या तंजावरात हेच दिसते. साहेबांसाठी संच काढणाऱ्याला विक्रीची घाई होती. दरबारी चितारीला डोळ्याची एक शीर न्याहाळण्याइतकी सवड होती.

तथापि, एका बाबतीत राजांचा दरबारही उणा पडला. बहुतेक चित्रांवर चितारीचे नाव नाही. घाट कोणी काढले, तो रोगट डोळा कोणाच्या हातातून उतरला, हे चित्रावरून कळत नाही. फ्लॅक्समन यांचे नाव राहिले आणि सरफोजींचेही राहिले. दरबारी संगीतातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघा बंधूंची नावे राहिली. त्यांनी बसविलेला नृत्याचा क्रम आजच्या भरतनाट्यमचा पाया मानला जातो. ज्यांच्या कुंचल्यातून त्या काळाचे रूप आपल्यापर्यंत आले, ते मात्र बहुतांशी निनावीच आहेत.

आश्रयदाता गेल्यानंतर

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे यांनी १८५५ पर्यंत गादी चालविली. त्यांना पुत्र नव्हता. कंपनीने तंजावरची गादी खालसा केली आणि वाड्यातील मालमत्तेचाही ताबा घेतला. राणी कामाक्षीबाई साहेब यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयात त्यांना यश आले, परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, असा निकाल दिला.

चित्रशाळांची खरी परीक्षा येथे झाली. कुंभकोणमजवळच्या कोडालि करुप्पूर येथे तंजावरच्या राजघराण्यासाठी एक अपूर्व वस्त्र तयार होत असे. सुती कापडात जर विणायची, मग मेणाने हाताने नक्षी काढून रंगवायची, अशी दुहेरी मेहनत त्यात होती. विणकर आणि चितारी यांचा असा मिलाफ अन्यत्र क्वचितच आढळतो. गुणाने ही शाळा कोणाहूनही कमी नव्हती. परंतु तिचे गिऱ्हाईक एकच होते. गादी गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते काम बंद पडले. मूळच्या साड्या आता संग्रहालयांतच पाहावयास मिळतात.

साहेबांसाठी निघणारे चित्रसंच छायाचित्रण आल्यावर मागे पडले. शास्त्रीय चित्रांची परंपरा राजांच्या व्यक्तिगत जिज्ञासेवर उभी होती. ती त्यांच्याबरोबरच संपली. फळीवरील सोनेरी देव मात्र टिकले. त्यांना राजाव्यतिरिक्त दुसरे आश्रयदाते होते. भजनमठांनी, व्यापाऱ्यांनी, चेट्टियार घराण्यांनी आणि साध्या गृहस्थांच्या देवघरांनी ती चित्रे मागितली, म्हणून घराणी तगली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेला पुन्हा बहर आला आणि २००७-०८ मध्ये तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. आज तंजावर म्हटले की जगाच्या डोळ्यांसमोर हीच शाळा येते. ती सर्वांत सूक्ष्म होती म्हणून नव्हे, तर तिची मुळे सर्वांत अधिक घरांत पसरली होती म्हणून.

सरफोजींचा स्वतःचा आवडता संग्रह, सरस्वती महाल ग्रंथालय, १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेथे तमिळ, संस्कृत, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांसोबत राजांनी जमविलेले हजारो युरोपीय ग्रंथ आहेत. मोडी लिपीतील दरबारी कागदपत्रांचा मोठा साठा आहे आणि मोडी वाचणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे. चितारींना दिलेले वेतन, विकत घेतलेले सोने आणि रंग यांसारख्या व्यवहारांच्या नोंदी अशाच हिशेबी कागदांत शोधाव्या लागतात. चित्रांवर नसलेली नावे मिळालीच, तर तेथेच मिळतील. त्यासाठी मोडी जाणणाऱ्या मराठी अभ्यासकांनी तंजावरची वाट धरली पाहिजे. ज्या राजाने काशीहून पोथ्या आणल्या आणि लंडनहून शिल्पे मागविली, त्याच्या चितारींचे एवढे देणे मराठी वाचकाकडे अजून बाकी आहे.